मे महिन्यात सोलर पंपाची धार कमी का पडते?

प्रश्न (केज तालुका): पाच एचपीचा सोलर पंप आहे. फेब्रुवारीत दुपारी पडायची तेवढी धार आता मे महिन्यात पडत नाही. आमचे बापू म्हणतात, "ऊन जास्त तर वीज जास्त." मग हे उलटं कसं?

उत्तर: पॅनलला उजेड लागतो, ताप नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. पॅनल ६५ अंशांवर गेलं की १६ टक्के गेलीच.

उत्तर: आधी विहीर बघा राव! पातळी खाली गेली की पंपाला जास्त उंच उचलावं लागतं. काच पहाटे पुसा, तापल्या काचेवर गार पाणी मारू नका.

प्रश्नकर्ता: पाणी दोन परस खाली गेलंय खरं. बापू विचारतात, एवढा ताप वाढवला कुणी, परळीच्या कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमणीनं?

उत्तर: एकट्या परळीनं नाही. जगभर कोळसा, डिझेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर गेलाय. तो जमिनीची उष्णता अडवतो. अन् परळीचं केंद्र २०१५ साली पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, हेही बापूंना सांगा.

प्रश्नकर्ता: सांगितलं. म्हणाले, "आधी फडकं आण."