मदत हवी आहे: मांजरीला 'मॅड काऊ' होतो का? (नागपूर)

महालवाली: माझी चिमी (३ वर्षं) झोकांड्या खात चालून राहिली, मागचे पाय फाकतात. कुकरची शिट्टी झाली की दचकून पडते, लाळ गळते. मोमिनपुऱ्यातून म्हशीची कलेजी आणून देते तिला. मांजरींना प्रायॉन रोग होतो असं वाचलं. शेरूलाही लागेल का? दोघं एकाच ताटलीत खातात. लवकर सांगा.

रामदासपेठी: शेरू कोण? कच्ची कलेजी बंद करा आधी. आमच्याकडे बारा वर्षं उकडलेलं चिकन नि भात, काही झालं नाही.

व्हेट_विद्यार्थिनी: काका, प्रायॉन उकडून जात नाही. तो जंतू नाही, चुकीचं दुमडलेलं प्रथिन आहे. मांजरींत तो १९९० साली ब्रिटनमध्ये सापडला, ब्रिस्टलच्या एका सयामी मांजरात. बीएसई, म्हणजे 'मॅड काऊ', झालेल्या गायींचे अवयव खाद्यात गेले, तिथून मांजरींत आला. तिकडे सुमारे ९० मांजरी गेल्या, प्राणिसंग्रहालयातले चित्तेही. भारतात बीएसईची नोंदच नाही. ताई, हे कधीपासून? तो आजार आठवडे-महिने घेत वाढतो.

शुभदा: नसबंदी झाली का? माझीचं वागणं त्यानंतर फार सुधारलं.

महालवाली: शेरू कुत्रा. काल रात्रीपासून आहे हे, काल सकाळी तर कपाटावर उड्या मारत होती. नसबंदीचा काय संबंध?

गिट्टीखदान: रेबीज पाहा बापा! चावली असेल तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा, इंजेक्शन घ्या.

व्हेट_विद्यार्थिनी: बरोबर. कुत्र्यांत प्रायॉन रोग नैसर्गिकरीत्या सिद्ध झालेला नाही, शेरूची ती काळजी सोडा. काल चिमीला काही पाजलं, लावलं?

महालवाली: चावली नाही, लसही झालीय. पिसवा झाल्या होत्या म्हणून शेरूचं गोचिडाचं औषध उरलं होतं ते मानेवर टाकलं, दुपारी.

व्हेट_विद्यार्थिनी: परमेथ्रिन लिहिलंय? कुत्र्याला चालतं, मांजरीच्या यकृताला ते झेपत नाही. थरथर, लाळ, दचकणं त्याचंच. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडने धुवा, टॉवेलात गुंडाळा, चाटू देऊ नका. झटके येत असतील तर धुत बसू नका. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात न्या, बाटली सोबत.

रामदासपेठी: तरी कलेजी...

गिट्टीखदान: काका, कलेजी नंतर!

महालवाली: हो, परमेथ्रिनच. धुतली, मान अजून थरथरते. ऑटो खाली उभा आहे. शेरूच्या अंगावरही तेच आहे, दोघं चिकटून झोपतात...

व्हेट_विद्यार्थिनी: त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. निघा.