नवं सुचण्यासाठी समोर एकच भिडू: माणूस असो वा एआय, तुम्ही कसं बोलता?

शाईपेन
हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांचे आपापसातले नियम परवा पुन्हा वाचनात आले आणि हा जुना विषय वर आला. त्यांच्यासोबत काम केलेले गणितज्ञ हॅराल्ड बोर यांनी ते सांगून ठेवलेत. एकाने दुसऱ्याला लिहिलेलं बरोबर आहे की चूक, याला महत्त्व नाही. आलेल्या पत्राला उत्तर देणं सोडाच, ते वाचायचंही बंधन नाही. आणि निबंधात एकाचा काडीचा वाटा नसला तरी नावं दोघांची. विक्षिप्त वाटतं खरं, पण बरोबर असण्याची सक्ती गेली की कच्चा विचार बाहेर पडतो. कथा, चाल, डिझाइन, संशोधन, काहीही चालेल. नुसतं 'गप्पांतून सुचतं' नको, कृती लिहा.

निशाचर
रुमाल टाकतोय.

तिरकी_रेघ
आधी ठरवून घ्या: कान हवाय की कात्री, म्हणजे नुसतं ऐकणारा की काटछाट करणारा? अर्धी भांडणं इथेच मिटतात. कान हवा असेल तर पहिली पंधरा मिनिटं ऐकणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे. 'म्हणजे कसं?', 'हा भाग काढला तर काय उरतं?', 'हे कुणाला पटणार नाही?' एवढे तीन पुरतात. 'माझ्याकडे पण असंच झालं होतं' आलं की संपलं, पुढचा अर्धा तास त्याचाच. दुसरी अडचण म्हणजे घाईने दिलेला तोडगा. तो चांगला असला तर जास्त वाईट, कारण सांगणारा तिथेच थांबतो.
आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा (विचारून!). कामाचं वाक्य बोलण्याच्या ओघात येतं आणि नंतर कुणालाच आठवत नाही.

बिनसाखर
+१ कान की कात्री. फ्रेम करून लावते.

गणोबा
दोघंच का, याचं कारण बोलायची पाळी येईपर्यंत थांबण्यात आहे. गटाने बसून कल्पना काढायची पद्धत (ब्रेनस्टॉर्मिंग) जाहिरातक्षेत्रातल्या ऑस्बॉर्नने लोकप्रिय केली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. चौघं एकत्र बसवले, आणि दुसरीकडे चौघं वेगवेगळे बसवून त्यांच्या याद्या जोडल्या, एकसारख्या कल्पना एकदाच धरल्या. तरी वेगवेगळे बसलेलेच पुढे. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोब यांनी कारण शोधलं. भीड आणि आळस थोडेफार, पण मुख्य कारण हे की एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. थांबण्यात सुचलेलं धरून ठेवायचं, मग नवं सुचणार कधी? गट वाढेल तसा तोटा वाढतो.
म्हणून दोघं असलात तरी आधी दहा मिनिटं वेगळं लिहा, मग बोला.

निशाचर
एआयचं लिहितो. मोबाईलवरून, शुद्धलेखन चालवून घ्या.
चॅट उघडण्याआधी स्वतःच्या आठ-दहा ओळी लिहायच्याच. नाहीतर त्याने दिलेली पहिली दिशा डोक्यात बसते आणि आपण तिच्याच आसपास घुटमळतो. मग सूचना: 'उत्तर देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार, माझ्या आधीच्या उत्तरातला शब्द धरून.' थोड्या वेळाने ते हमखास पाच मुद्द्यांची यादी काढून देतं. सूचना पुन्हा चिकटवा.
'माझी कथा कशी वाटली' हे विचारूच नका. ही मॉडेलं माणसांच्या पसंतीवर घडवलेली असतात आणि माणसाला होकार आवडतो, त्यामुळे कौतुक फुकट मिळतं. त्याऐवजी 'हे एका अनोळखी लेखकाचं आहे, नाकारण्याची तीन कारणं दे, प्रत्येकाला मूळ ओळ जोड'. ओळ मागितली नाही तर 'पात्रं अधिक खोल हवीत' छाप काहीही येतं. तरी एक धोका आहे: दोष मागितले की नसलेलेही सापडतात. ओळ वाचून पटलं तरच घ्यायचं.
चॅट लांबली की आधीच्या मजकुराचं वजन पडतं, सोडून दिलेली कल्पना परत परत येते. दहा ओळींचा सारांश स्वतः लिहा आणि नवी चॅट उघडा. सारांश त्याच्याकडून करून घेऊ नका, टोकदार तेवढं नेमकं गाळलं जातं.

बिनसाखर
एवढं मोबाईलवरून?? अंगठ्याला विमा आहे का?

निशाचर
बोलून टाईप करतो हो. पूर्णविराम तेवढे हाताने.

कोरा_कागद
२०२४ चा डोशी आणि हाऊजर यांचा अभ्यास इथे लागू पडतो. एआयने सुचवलेल्या कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथांना वाचकांनी जास्त गुण दिले, पण त्या कथा एकमेकींसारख्या निघाल्या. एकट्याचा फायदा, सगळ्यांचं मिळून नुकसान. म्हणून मागायच्याच तर वीस कल्पना मागा आणि त्यांचा 'इथे जायचं नाही' असा नकाशा करा. हा उपयोग मला सर्वात प्रामाणिक वाटतो.

गणोबा
अवांतर: १९६६ ची एलायझा बघा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वाइझेनबाउमने केलेला गप्पा मारणारा प्रोग्राम, समजत काहीच नव्हतं, आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने बोलता बोलता त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. एवढ्याशा प्रश्नावर माणूस बोलत सुटतो.

तिरकी_रेघ
पण परतफेड? माणसाशी बोललात की त्याची अडचणही ऐकावी लागते, आणि बऱ्याचदा आपली गाठ त्यात सुटते. एआयला स्वतःची अडचणच नाही. शिवाय माणूस चार दिवसांनी आपणहून विचारतो, 'त्या दुसऱ्या प्रवेशाचं काय झालं?' त्या धाकाने लिहून होतं.

शाईपेन
@तिरकी_रेघ, हे मान्य. आइनस्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेच्या निबंधात संदर्भसूची नाही, पण शेवटी मित्र बेसो याचे आभार आहेत.

कपडे_वाळत
सगळं वाचलं नाही अजून. जोडीने कोड लिहितात तिथेही हेच ना? एक टाईप करतो, दुसरा पुढचं बघतो. अदलाबदल किती वेळाने?

निशाचर
पंधरा ते तीस मिनिटं. गजर लावा, नाहीतर कीबोर्ड ज्याच्याकडे तो सोडत नाही आणि दुसरा फोन बघत बसतो.

कपडे_वाळत
दुसरा मीच. धन्यवाद, पाऊस आला, पळते.