वाचणारे सगळे फुकटे?

स्वतः काही भर न घालता विकिपीडिया नुसता वाचणारे सगळे फुकटे, असं कोणी म्हणतं, ते मला जरा जास्त वाटतं. पाणपोईवर पाणी पिणाऱ्याला आपण फुकट्या म्हणत नाही. शिवाय इथे पाणी आटतही नाही. मी लेख वाचला म्हणून तुमच्या वाट्याचा कमी होत नाही.

राग यावा तो पेलाच उचलून नेणाऱ्यांचा. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. कुठेही वापरा, विकलात तरी चालेल, पण श्रेय द्या आणि बदल करून छापलंत तर तेही त्याच परवान्याने इतरांना खुलं ठेवा. आमच्या गिरगावातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत अख्खा लेख जसाच्या तसा, खाली एका सभासदाचं नाव! मुद्रितशोधनाच्या चुकासुद्धा मूळच्याच. विचारलं तर म्हणे, "नेटवरचं आहे, कोणाचं असतंय?"

आता माझंही सांगतो. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. त्यानंतर एका लेखात जुनंच नाव दिसलं की मी चरफडायचो आणि पान बंद करायचो. वर 'संपादन' लिहिलेलं असतं, ते दाबून चूक आपणच सुधारायची, दोन मिनिटांचं काम. एकदा लोकलमध्ये दादर ते बोरिवली उभ्या उभ्या केलं, तेव्हा लाज वाटली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. लेख लिहायला वेळ नसेल तर राहू दे, पण आपल्या गल्लीबद्दलची चूक दुसरं कोण सुधारणार?