नवरा फील्डवर असताना ऑफिसातून सुट्टी

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर सैन्यात फील्डवर, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर आहेत, त्यांची रजा आयत्या वेळी सँक्शन होते आणि तुम्ही सुट्टी मागितली की मॅनेजर म्हणतो आधी का नाही सांगितलं, वाचून पोटात कालवलं, कारण मी पण यातून गेलेय. आमच्या ह्यांची रजा दोनदा पुढे गेली आणि मग एके रात्री फोन, उद्या निघतोय. ते पहाटे पुणे स्टेशनला उतरले आणि मी आठ वाजता हिंजवडीच्या बसमध्ये, पोरगा दारात त्यांच्या बुटांच्या लेस सोडत बसलेला. अजून ते डोळ्यासमोरून जात नाही.

अमेरिकेत यासाठी कायदाच आहे, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत, सैन्यातला जोडीदार परदेशात तैनात असेल तर वर्षात 12 आठवड्यांपर्यंत सुट्टी, बिनपगारी का होईना, आणि तो मधे घरी आला तर त्याच्यासोबत राहायला त्यातलेच 15 दिवसांपर्यंत. आपल्याकडे खाजगी नोकरीत तसं वेगळं काही नाही. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला 8 कॅज्युअल आहेत, शिवाय 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा, 45 पर्यंत साठते. ती साठवाच, लग्नकार्यात उडवू नका. आणि एचआरला तोंडी नको, मेल करा. मी पुढच्या वेळी लिहिलं, तारीख नक्की नाही पण या दोन महिन्यांत कधीही, एक दिवस आधी कळेल, माझं काम कोण बघेल तेही त्यातच लिहिलं, आणि दहा दिवस मिळाले.