पहिली नोकरी कुठे धरू?

धाकटी: सगळ्यांना एक विचारायचंय. डॉक्टरकीचं फायनल इयर संपत आलंय आणि सुरुवात कुठे करू कळतच नाहीये. एक मोठं टीचिंग हॉस्पिटल आहे, गर्दी प्रचंड, पगार कमी. दुसरं छोटं, पगार जवळजवळ दुप्पट, राहायला रूम पण देतायत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय

काका: मोठ्या ठिकाणीच जा बाळा. पुढे नाव उपयोगी पडतं

आत्या: नावाचं काय घेऊन बसलास, पोरगी किती वर्षं धड झोपली नाहीये. जिथे तब्येत सांभाळली जाईल तिथे जा गं

दादा: दुप्पट पगार म्हणजे लोन लवकर फिटेल, हाही विचार कर

ताई: ड्युटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. लांब लिहितेय पण नीट वाच. रात्री दोन वाजता तू फोन केलास तर कोण येणार आणि किती वेळात, हे दोन्हीकडे विचारलंस का? बाकी सगळं त्यानंतर.
माझा पहिलाच महिना होता, रात्री लॅबमधून फोन आला, पेशंटचं पोटॅशियम ६.८, म्हणजे हृदय बंद पडू शकेल इतकं जास्त. मला सगळं पाठ होतं गं, आधी ईसीजी, मग कॅल्शियम, मग इन्सुलिन-ग्लुकोज, परीक्षेत लिहून मार्क पण मिळवले होते, पण ईसीजीवर त्या उंच टोकदार टी वेव्ह दिसल्या आणि हातातली सिरिंज थरथरायला लागली. सरांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला, सॅम्पल हिमोलाइज नाही ना झालं (रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं) एवढंच विचारलं आणि येतो म्हणाले. पाच मिनिटांत चपला घालून हजर. इंजेक्शन त्यांनी दिलं नाही, माझ्याकडूनच देववलं, शेजारी उभं राहून मॉनिटर बघत. म्हणाले, कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, फक्त अर्धा-एक तास हृदय सांभाळलं जातं, तेवढ्यात बाकीचं उरकायचं. पुस्तकात हे दहादा वाचलं होतं, कळलं त्या रात्री. ते आले नसते तर काय झालं असतं हा विचार अजूनही मनात येतो

आत्या: बाई गं. पण मग मोठ्या ठिकाणच्या त्या सलग ड्युट्या? त्याचं काय?

ताई: आत्या तुझी काळजी अगदी बरोबर आहे आणि ती फक्त तब्येतीपुरती नाही. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, १९९७ मध्येच दाखवलंय हे. १९८४ साली न्यूयॉर्कला १८ वर्षांची एक मुलगी हॉस्पिटलमध्ये दगावली, तिला बघणारे ज्युनियर डॉक्टर थकलेले होते आणि सिनियर जागेवर नव्हते, तिच्या वडिलांनी ते प्रकरण धसास लावलं म्हणून पुढे तिथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. थकवा आणि वर कोणी नसणं, दोन्ही एकत्र आलं की पेशंट जातो. म्हणून ड्युटीनंतर सुट्टी कागदावर आहे की खरंच मिळते तेही विचार

काका: हे मला माहीत नव्हतं. माझं नावाचं म्हणणं मागे घेतो

दादा: पण विचारायचं कोणाला? इंटरव्ह्यूत सगळे गोडच बोलणार

ताई: मागच्या वर्षी जॉइन झालेल्यांना, आणि साहेब समोर नसताना. "सपोर्ट कसा आहे" असं विचारू नकोस, सगळे चांगला म्हणतात. शेवटचा रात्री फोन कधी केलास आणि ते किती वेळात आले असं विचार. फोन केल्यावर ओरडले का, हे पण. ओरडा खाल्लेली मुलं पुढच्या वेळी उशिरा फोन करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय

(दुसऱ्या दिवशी)

धाकटी: छोट्या ठिकाणच्या एका मुलीशी बोलले. रात्री ती एकटीच असते, सर घरून फोनवर सांगतात, यायला पाऊण तास लागतो. पहिले सहा महिने घाबरूनच काढले म्हणाली. मोठ्या ठिकाणी रजिस्ट्रार, म्हणजे वरचा डॉक्टर, त्याच मजल्यावर असतो पण ड्युटी कधीकधी ३० तासांवर जाते आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी मिळेलच असं नाही 😔

दादा: रूम आणि दुप्पट पगार का देतायत ते कळलं आता. लोनचं बघू आपण सगळे मिळून, त्यासाठी तिकडे जाऊ नकोस

ताई: हो, पण मोठ्या ठिकाणालाही अजून हो म्हणू नकोस. संध्याकाळी हँडओव्हरच्या वेळी जाऊन वॉर्डात उभी राहा, बेडपाशी जाऊन पेशंट सोपवतात की जाता जाता चिठ्ठी देतात ते बघ. आणि रात्रपाळीच्या सिस्टरशी बोल, कुठल्या युनिटला ज्युनियरची सुट्टी पाळतात ते तिला बरोबर माहीत असतं

धाकटी: उद्या जाते. आल्यावर लिहिते इथेच