एमएस : एमआरआय 'स्टेबल', पण चालणं नाही. रिपोर्टवर किती विसंबायचं?

अबोली
ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस; यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होतं आणि एमआरआयमध्ये तिथे डाग दिसतात) होऊन अकरा वर्षं झाली. परवाचा रिपोर्ट : नवीन डाग नाहीत, जुने वाढलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, 'स्टेबल'. गेल्या वर्षी ती सोसायटीच्या गेटपर्यंत काठीशिवाय जायची, आता लिफ्टपासूनच काठी लागते. पाऊल नीट उचललं जात नाही, त्यामुळे उजवी चप्पल अंगठ्याखाली घासून कागदासारखी पातळ झालीय. दरवर्षी हजारो रुपये घालून मेंदूचे फोटो काढायचे आणि २५ फूट चालायला किती सेकंद लागतात ही साधी चाचणी मात्र कुणी करायची नाही! माझ्या मते दरवर्षीचा एमआरआय बंद करून ते पैसे फिजिओथेरपीला लावावेत.

चौकस
ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण 'बंद करा' हे अजिबात पटलं नाही. लंडनला क्वीन स्क्वेअर इथल्या न्यूरॉलॉजी संस्थेच्या डॉक्टरांनी एमएससारख्या लक्षणांचा पहिला झटका आलेल्या ७१ जणांना १४ वर्षं तपासत राहून २००२ साली निष्कर्ष छापले. सुरुवातीलाच डाग दिसले त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांना पुढे एमएस झाला, एमआरआय स्वच्छ होता त्यांच्यात १९ टक्के. पहिल्या पाच वर्षांत डाग जितके वाढले, त्याचा नंतरच्या अपंगत्वाशी संबंधही दिसला.

अबोली
दिसला, पण मध्यमच, असं त्याच डॉक्टरांनी लिहिलंय. डाग आणि त्रास यांचा मेळ बसत नाही, याला न्यूरॉलॉजीत 'क्लिनिको-रेडिऑलॉजिकल पॅराडॉक्स' असं नावच आहे. ७१ जणांची सरासरी घेऊन ताईच्या पायाला काय सांगू?

पायवाट
मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. तुम्ही दोघंही डाग मोजताय. डाग आहे कुठे, ते बघा. मेंदूच्या पांढऱ्या भागात मोठा डाग असूनही माणूस ठणठणीत असतो आणि मज्जारज्जूतला एवढासा डाग पाय ओढायला लावतो. लंडनचाच ३० वर्षांचा पाठपुरावा २०२० मध्ये आला. सुरुवातीच्याच एमआरआयमध्ये लहान मेंदूत किंवा ब्रेनस्टेममध्ये (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात) दिसलेले डाग ही पुढच्या अपंगत्वाची मोठी खूण ठरली. शिवाय नवा डाग न पडताही मेंदू हळूहळू आकसत असतो, आणि नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते मोजलेलं नसतं. अबोलीताई, मज्जारज्जूचा एमआरआय शेवटचा कधी झाला?

चौकस
आकसण्याबद्दल जपून. गटासाठी ते माप चांगलं आहे, पण एकट्या माणसाच्या बाबतीत मशीन बदललं किंवा अंगात पाणी कमी असलं तरी आकडा हलतो. म्हणून तर म्हणतो, दर वेळी त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने काढा. बंद करू नका.

रानफूल
मला २०१७ पासून एमएस आहे. दोन वर्षांपूर्वी काहीही होत नव्हतं, घरात भाचीच्या लग्नाची धावपळ चालली होती, आणि वार्षिक एमआरआयमध्ये दोन नवे डाग निघाले. औषध बदललं. आज मी दोन जिने चढते. तो एमआरआय टाळला असता तर औषध लागू पडत नाहीये हे पुढच्या झटक्यालाच कळलं असतं. अबोली, तुझा राग समजतो गं. दुपारी दोननंतर मला येणारा थकवाही कुठल्या रिपोर्टात नसतो. पण हे वाचून कुणी तपासणी सोडली तर?

अबोली
रानफूल, 'बंद करावा' हे मागे घेते. रागात लिहिलं. पायवाट, फाईल काढून बसले. सात रिपोर्ट मेंदूचे, मज्जारज्जूचा एकच, २०१६ चा, आणि त्यात मानेत एक डाग लिहिलाय. इतकी वर्षं फाईल मीच सांभाळतेय, पण त्या ओळीवर बोट ठेवून कधी कुणाला विचारलं नाही. पुढच्या भेटीत विचारणार. 'स्टेबल' हा शब्द मात्र मला अजूनही मान्य नाही. काल पॅसेजमध्ये टेपने २५ फूट मोजून ताईला चालवलं. काठी घेऊन ११ सेकंद. तारीख घालून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.