लिनक्स टाकलं की लगेच पंधरा कमांडी मारायच्याच का?

निवांत: "लिनक्स टाकल्यावर लगेच करायच्या 15 गोष्टी" हे कालचं टिपण वाचून डोकं फिरलं. स्वॅपीनेस, म्हणजे रॅममधला माल डिस्कवर हलवण्याचा कल, 60 वरून 10 वर आणा म्हणे. का, ते नाही. बॅटरी वाचवणारं टीएलपी टाका म्हणे. पण वीजवापर सांभाळणाऱ्याच पॉवर-प्रोफाइल्स-डीमनशी त्याचं एका घरात जमत नाही, हे नाही. एसएसडीचं ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागेची सफाई, चालू करा म्हणे. अहो, उबुंटूत त्याचा टायमर दर आठवड्याला आपसूक चालतो! महिनाभर आहे तसा वापरा. खटकेल तेवढंच हलवा.

खटपट्या: साफ असहमत. झाकण लावून लॅपटॉप पिशवीत टाकला, संध्याकाळी काढला तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी शून्य. झोप एसटूआयडलवर, म्हणजे नुसत्या डुलकीवर, होती. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'डीप' म्हणजे गाढ झोप सांगितल्यावर रात्रभरात जेमतेम 3 टक्के जातात. महिनाभर पिशवीत इस्त्री घेऊन फिरायचं होतं का?

निवांत: खटकलं म्हणून बदललंत. मी वेगळं काय म्हटलं?

खटपट्या: शब्दांची कसरत छान जमते तुम्हाला.

पायमोडका: बॅटरी बॅटरी काय लावलंय? पंधरात मराठी कळफलकाचा एक शब्द नाही! इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक, लावा. शिफ्ट-जे, डी, मग य, की झाला ऱ्य. नाहीतर बसा 'डोंगरदर्या' लिहीत.

फोनेटिकवाला: पुन्हा तेच पुराण. इनस्क्रिप्ट शिकायला वेळ कुणाकडे आहे?

पायमोडका: डाव्या हाताला स्वर, उजव्याला बहुतेक व्यंजनं. दहा दिवसांत बोटं वळतात. जन्मभर रोमन अक्षरांतून मराठी टंकायच्या कुबड्या घ्यायच्या असतील तर घ्या.

फोनेटिकवाला: वडिलांना मोठ्या हौसेने इनस्क्रिप्ट लावून दिला होता. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत आला. वर चिठ्ठी: "तुझं यंत्र तुलाच लखलाभ." हाताने लिहिलेली.

पायमोडका: म्हणजे टंकायची वेळ आली नाही तोवर शुद्ध लिहीत होते.

फोनेटिकवाला: वडिलांवर जायचं काम नाही.

पायमोडका: बरं, ते मागे घेतो. कुबड्या मात्र घेत नाही.

निवांत: धागा माझा होता, आठवण म्हणून सांगतो.

खटपट्या: ट्रिमचं आत्ता तपासलं. टायमर पहिल्या दिवसापासून चालू आहे. वर मी दोन वर्षं त्याच कामाला स्वतःचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड मारणारा गडी, चालवतोय. हसून घ्या.

निवांत: कसला हसतोय! मी क्रॉन तर लावलाच होता, वर एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्क जोडायच्या फाइलीत, डिस्कार्डही (सतत ट्रिम) घातलं होतं. असल्याच एका यादीत वाचून.